गेट केमिकल: टेस्ट सिरीज विकत घेऊ की जुन्या पेपरांवरच भर देऊ?

केळीच्या_बागेतून

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली. जळगावला केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची आहे आणि एमटेकच करायचं, हे माझं पक्कं आहे.

अडचण साहित्याची आहे. रोज कुणीतरी नवं नाव सांगतं. वर्गातल्या एकीने रेकॉर्डेड कोर्स घेतला, एकाने दोन टेस्ट सिरीज घेतल्या, आणि टेलिग्रामवरून कुणीतरी ४० जीबीचं फोल्डर पाठवलं. ते उतरवून घेतलं आणि दोन दिवस नुसत्या फाइली उघडून बघण्यात गेले. मध्ये कानबाईचा सण आला, घरी पाहुणे, तेव्हा पुस्तकाला हातही लागला नाही.

रोज एसटीने तापी ओलांडून जाते-येते. रात्री तीन तास मिळतात, रविवारी जास्त. लॅपटॉप भावाचा आहे. लाईटचा भरवसा नाही. बाबांनी ३,००० रुपये देऊ केलेत. केळीचा भाव पडलेला असताना दिलेत, म्हणून एक रुपयाही वाया जाऊ नये असं वाटतं.

टेस्ट सिरीज घ्यावी का? घ्यावी तर कशी पारखायची? मॉक, म्हणजे वेळ लावून पूर्ण सराव पेपर, कधीपासून सुरू करू? आणि जुने पेपर नेमक्या कोणत्या वर्षापासूनचे सोडवू?

भुसावळ_जंक्शन

४० जीबी आधी डिलीट कर ताई. गाडी हलकी झाली की वेग आपोआप वाढतो.

अमळनेरी

मी कॉम्प्युटर सायन्सचा, त्यामुळे विषयाचं सांगू शकत नाही. पण टेस्ट सिरीज घ्याच. घरी बसून आपण कुठे आहोत ते कळत नाही. तिथे हजारो मुलं असतात, रँक दिसते. मला पहिल्या मॉकमध्ये आलेली रँक बघून झोप लागली नव्हती, आणि तिथूनच मी खरा अभ्यासाला लागलो.

तापीकाठ

मी एरंडोलचा, केमिकलच. गेट दोनदा दिली, दुसऱ्यांदा जमली, एमटेक झालं. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी माझ्याकडे तीन टेस्ट सिरीज होत्या. ५२ टेस्ट दिल्या. टेस्ट संपली की मार्क बघायचे, वाईट वाटून घ्यायचं आणि पुढची टेस्ट लावायची. एकाही टेस्टची उत्तरं मी दुसऱ्या दिवशी उघडून बघितली नाहीत. दुसऱ्या वर्षी फक्त १४ टेस्ट दिल्या, पण प्रत्येक टेस्टला त्यानंतरचे दोन दिवस दिले. कोणता प्रश्न का चुकला, ते वहीत लिहिलं. त्या वहीने मला पास केलं असं मी आजही मानतो.

आता तुझ्या प्रश्नांकडे. जुने पेपर २०१० पासूनचे घे. तेव्हापासून पेपरात जनरल अ‍ॅप्टिट्यूड आहे, ६५ प्रश्न आणि १०० मार्क असा साचा आहे. त्याआधीचे पेपर एखाद्या विषयाच्या सरावाला चालतात, पण वेळ लावून सोडवायला नाहीत. २०२१ पासून एमएसक्यू आले, म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न. त्यात अर्धे मार्क मिळत नाहीत. सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क. ही सवय २०२१ पासूनच्या पेपरांतूनच लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या चार वर्षांच्या पेपरांना आत्ता हात लावू नकोस. सगळे जण इथेच चुकतात. जुने पेपर विषयवार फोडून ऑगस्टमध्येच संपवतात. मग जानेवारीत मॉक म्हणून द्यायला खरा पेपर उरतच नाही, आणि बाहेरच्या टेस्टवर भिस्त ठेवावी लागते. २०१० पासूनच्या पेपरांतून ते चार बाजूला काढ, बाकीचे विषयवार सोडव. बाजूला काढलेले डिसेंबर-जानेवारीत, बरोबर तीन तास लावून, एका बैठकीत.

सातपुडा७७

तापीकाठ दादाशी सहमत. आम्हना कडे म्हणतस तसं, "पहिले जुना पेपर सोडव, मंग बाकीनं देख." मी टेस्ट सिरीज घेतलीच नव्हती आणि क्वालिफाय झालो, म्हणजे पात्रतेपुरते मार्क पडले. ३,००० रुपये वाचव. पेपर आणि उत्तरतालिका फुकट मिळतात, एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन लेक्चर्स फुकट आहेत, आणि परीक्षा घेणारी संस्था आपल्या साइटवर सरावासाठी मॉक टेस्ट देते, तीही फुकट. विकत घ्यायला उरलं काय?

अमळनेरी

क्वालिफाय होणं आणि चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळणं यात फार फरक आहे भाऊ. ताईला एमटेक करायचंय, नुसतं क्वालिफाय व्हायचं नाही.

सातपुडा७७

हे मान्य. मला नोकरी करायची होती, तेवढ्यावर भागलं.

गिरणामाई

मी विद्यार्थिनी नाही, चाळीसगावला गृहिणी आहे. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी गेट दिली. पालक म्हणून एक सांगते. त्याने एका दुकानातून "संपूर्ण गेट पॅकेज" म्हणून जाडजूड पुस्तकांचा संच आणला. पुस्तकांत एमएसक्यू एकही नव्हता, उत्तरं ठिकठिकाणी चुकीची. पोरगं आपलं उत्तर चुकलं म्हणून रात्र रात्र रडायचं आणि चुकलेलं पुस्तक असायचं. बाळा, काहीही घेशील तर पहिल्या पानावर छापलेलं वर्ष बघ. आणि उत्तर जुळलं नाही तर आधी स्वतःवर शंका घेऊ नकोस.

कळण्याची_भाकरी

गिरणामाई, अगदी खरं. मी फैजपूरला शिकवतो. दरवर्षी मुलं गाइडातलं उत्तर घेऊन येतात आणि मला त्यांना अधिकृत उत्तरतालिका दाखवावी लागते. जुन्या पेपरांची उत्तरं कुठूनही घ्या, पण शेवटचा शब्द परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या उत्तरतालिकेचा. २०२१ आयआयटी मुंबई, २०२२ खरगपूर, २०२३ कानपूर, २०२४ बंगळूरची आयआयएससी, २०२५ रुडकी, अशा फिरत्या जबाबदारीने ही परीक्षा होते. त्यामुळे दर वर्षीच्या पेपराचा पोत थोडा बदलतो. यंदा कोणती संस्था आहे म्हणून फक्त तिचेच जुने पेपर करणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं करू नका, अभ्यासक्रम तोच असतो.

टेस्ट सिरीज पारखायची कशी, हे कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. जवळजवळ प्रत्येक सिरीजमध्ये एखादी टेस्ट मोफत असते. ती द्या आणि मग मार्क न बघता हे बघा. उत्तरात पायऱ्या दाखवल्या आहेत की नुसतं "पर्याय ब" लिहिलंय? आकडा टाइप करून द्यायचे प्रश्न, म्हणजे एनएटी, पुरेसे आहेत का? प्रश्नात एककं स्पष्ट दिली आहेत का? जुन्याच पेपरातला प्रश्न आकडे बदलून टाकलाय का? तसं असेल तर तो प्रश्न तुम्ही आधीच फुकटात सोडवलाय. आणि एक साधी गोष्ट, सिरीजची मुदत परीक्षेच्या दिवसापर्यंत आहे का ते बघा. डिसेंबरअखेर संपणारी सिरीज ऐन वेळी कामाची नाही.

धुळ्याचा_मेकॅनिकल

सर, केमिकलच्या टेस्ट सिरीज कमी असतात का? आमच्याकडे मेकॅनिकलला पर्याय भरपूर दिसतात.

तापीकाठ

हो, तुलनेने कमी. म्हणूनच मी केमिकलवाल्यांना सांगतो की अ‍ॅप्टिट्यूड आणि गणित यांचा सराव इतर शाखांच्या जुन्या पेपरांतून करा. अ‍ॅप्टिट्यूड १५ मार्क, गणित १३, विषय ७२. म्हणजे २८ मार्कांसाठी मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलचे पेपरही उपयोगी पडतात. गणिताचा अभ्यासक्रम शाखेप्रमाणे थोडा वेगळा असतो, तेवढं आधी तपासून घ्यायचं. हा खजिना फुकट आहे आणि फार थोडे लोक उघडतात.

अमळनेरी

हे मात्र मला सुचलं नव्हतं. मस्त.

भुसावळ_जंक्शन

विषयांतर करतो, माफ करा. मॉक मोबाइलवर देऊ नका. मी पूर्ण तयारी मोबाइलवर केली, एसटीत, फलाटावर, कुठेही. परीक्षेच्या दिवशी संगणकासमोर बसलो तर हात माऊसवर जमेना. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर माऊसने टिकटिक करत वापरायचा. एनएटीचं उत्तरही स्क्रीनवरच्या आकड्यांवर क्लिक करून भरायचं. घरी सवयीने साधा कॅल्क्युलेटर वापरला की प्रत्येक गणितामागे अर्धा मिनिट कमी लागतो, आणि तोच अर्धा मिनिट तिथे जास्त जातो. भावाच्या लॅपटॉपला माऊस जोड ताई, टचपॅडवर नको.

केळीच्या_बागेतून

सगळ्यांचे खूप आभार. रात्रभर वाचत बसले. ४० जीबी डिलीट केलं, जंक्शन दादा!

एक शंका आहे. निगेटिव्ह मार्किंगचं काय करायचं? वर्गात दोन पंथ आहेत. एक म्हणतो खात्री असेल तरच लिही, दुसरा म्हणतो काहीच सोडू नको.

कळण्याची_भाकरी

यात पंथ नको, हिशोब करा. एक मार्काच्या बहुपर्यायी प्रश्नाला चूक झाली तर १/३ मार्क जातो, दोन मार्काच्या प्रश्नाला २/३. एनएटी आणि एमएसक्यूला काहीच जात नाही. तिथे रिकामं सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान.

बहुपर्यायीत काहीच माहीत नसताना डोळे मिटून चारातला एक निवडला तर बरोबर यायची शक्यता १/४. सरासरी काढली तर १/४ मिळतो आणि ३/४ च्या १/३ म्हणजे १/४ जातो. शिल्लक शून्य. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर उरलेल्या तिघांत शिल्लक १/९ येते. दोन पर्याय काढता आले तर १/३. म्हणजे एक जरी पर्याय खात्रीने कापता आला तर लिहा, नाहीतर पुढे जा. आणि पर्याय कापायची कला मॉकमध्येच शिकायची असते, परीक्षेत नाही.

सातपुडा७७

सर, हे मी पहिल्यांदा आकड्यांत बघितलं. मी उगाच भीतीने पंधरा-वीस प्रश्न सोडून आलो होतो.

मेहरूणची_बोरं

मला एक वेगळं बोलायचंय. गेटच कशाला? पदवी झाली की चांगली नोकरी बघा. दोन वर्षं अजून शिकायचं, घरच्यांवर भार.

गिरणामाई

भार कसला हो? गेटच्या मार्कांवर एमटेकला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. माझ्या मुलाची खानावळ त्यातच भागते. आणि मुलीने पुढे शिकायचं ठरवलंय तर तिला "कशाला" असं विचारू नका. तिचे बाबा केळी विकून पैसे देतायत, आपण निदान हिंमत द्यावी.

मेहरूणची_बोरं

माफ करा, शिष्यवृत्तीचं मला माहीत नव्हतं. ताई, मनापासून शुभेच्छा.

तापीकाठ

आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. यंदा मनासारखी जागा नाही मिळाली तरी तो फुकट जात नाही. आयआयटीचे प्रवेशाचे प्रस्ताव सीओएपी या पोर्टलवर, एनआयटीचं समुपदेशन सीसीएमटी या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून, ते पुढचं पुढे.

केळीच्या_बागेतून

तीन आठवड्यांनी परत आले. सांगते काय केलं ते.

कळण्याची_भाकरी सरांनी सांगितलं तसं तीन सिरीजच्या मोफत टेस्ट दिल्या. एकीत उत्तरांना पायऱ्याच नव्हत्या. दुसरीत ओळखीचे प्रश्न निघाले, २०१६ च्या पेपरातलेच, आकडे बदलून. तिसरी बरी वाटली. तिच्यातल्या फक्त पूर्ण पेपरांचा संच घेतला, विषयवार टेस्टचा घेतला नाही. उरलेल्या पैशांत माऊस आणि वही. बाबांना हिशोब दाखवला. ते म्हणाले, "माऊस म्हणजे तो उंदीर ना? बरा हाय, दाणे तरी खात नाही."

काल पहिला पूर्ण मॉक दिला. ३१.६७ मार्क. ४८ प्रश्न सोडवले, २७ बरोबर, त्यांचे ३८ मार्क. बहुपर्यायीतले १३ चुकले, ७ एक मार्काचे आणि ६ दोन मार्कांचे, म्हणून ६.३३ गेले. उरलेले ८ चुकलेले एनएटी आणि एमएसक्यू.

आज दिवसभर तापीकाठ दादांसारखी वही केली. २१ चुकांपैकी ६ विषयच माहीत नव्हता, ५ वेळा सूत्र विसरले, ७ वेळा हिशोब किंवा एकक चुकलं, ३ वेळा प्रश्नच नीट वाचला नाही. म्हणजे १० चुका अशा आहेत की ज्यांचा अभ्यास मला येतो! हे बघून आधी चिडले आणि मग बरं वाटलं.

एक चूक तर इथे सांगायलाच हवी. हीट एक्स्चेंजरचा प्रश्न, उलट प्रवाह. गरम द्रव ९० वरून ६० अंशांवर, थंड ३० वरून ५० वर. एका टोकाला फरक ४०, दुसऱ्या टोकाला ३०. या दोन फरकांची लॉगरिदमिक सरासरी काढताना व्हर्च्युअल कॅल्क्युलेटरवर एलएन (नैसर्गिक लॉग) ऐवजी लॉगचं (दहा पायाच्या) बटण दाबलं. उत्तर आलं ८०.०४ आणि मी ते भरून टाकलं.

तापीकाठ

बरोबर उत्तर ३४.७६. पण बघ, कॅल्क्युलेटर न उघडताही ही चूक पकडता आली असती. दोन टोकांचे फरक ४० आणि ३० असतील तर त्यांची कोणतीही सरासरी त्या दोघांच्या मध्येच असणार. ८० येणं शक्यच नाही. वहीत असंच लिही, "उत्तर कुठे ते कुठे असायला हवं?" एनएटीला पर्याय नसतात, तिथे हाच आपला आधार.

केळीच्या_बागेतून

लिहिलं. लाल पेनने.

अमळनेरी

रँक किती आली ते सांगितलं नाही?

केळीच्या_बागेतून

बघितली नाही दादा. म्हणजे बघितली होती, पण वहीत लिहिली नाही. पुढच्या वेळी त्या ७ चुकांच्या ३ झाल्या का, एवढंच बघणार आहे.

अमळनेरी

मी पहिल्या पोस्टमध्ये रँकचं फार मोठं केलं होतं. माझ्या बाबतीत ती कामी आली, सगळ्यांच्या येईलच असं नाही. तसंही त्या रँकमध्ये फक्त ती सिरीज घेतलेली मुलं असतात, आणि कोण पुस्तक उघडून देतो ते कुणाला कळणार?

केळीच्या_बागेतून

अजून एक अडचण राहिली. काल मॉकच्या मध्ये लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकली. शेवटचे १८ प्रश्न कागदावर सोडवून नंतर भरले, म्हणजे वेळेचा अंदाज खरा नाही. जळगावला अभ्यासिका आहेत, पण तिथे संगणक नाहीत, आणि मॉक म्हटलं की तीन तास सलग जागा हवी.

कळण्याची_भाकरी

यावलहून फैजपूर कितीसं लांब? आमच्या संगणक प्रयोगशाळेला इन्व्हर्टर आहे. विभागप्रमुखांशी बोललो, रविवारी उघडायला त्यांची हरकत नाही. मी स्वतः येऊन बसतो. खरी परीक्षा सकाळी ९:३० किंवा दुपारी २:३० ला असते, म्हणून एका रविवारी सकाळी आणि पुढच्या रविवारी दुपारी घेऊ. दुपारी जेवणानंतर डोळे जड होतात, त्याचीही सवय लागायला हवी.

केळीच्या_बागेतून

सर, नक्की येते. भाऊ सोडायला येईल.

धुळ्याचा_मेकॅनिकल

सर, मी मेकॅनिकलचा आहे आणि धुळ्याहून येईन. चालेल का? आदल्या रात्री सावद्याला मावशीकडे मुक्काम करीन.

कळण्याची_भाकरी

चालेल. शाखा कोणतीही असो. आपापला पेपर आपण लावायचा. मोबाइल माझ्या टेबलावर, खिशात कॅल्क्युलेटर नको. रफ कामाला कोरे कागद मी देतो.

भुसावळ_जंक्शन

मी परीक्षा देत नाही, पण भुसावळहून येताना सगळ्यांसाठी भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणतो. दुपारच्या मॉकच्या आधी नाही, नंतर.

केळीच्या_बागेतून

मी बागेतला केळीचा घड आणते. रविवारी ९ वाजता प्रयोगशाळेच्या दारात भेटू.